पाच हजार होनांचा डोंगर

१६७१-७२ साली शिवाजी महाराजांनी गडांच्या इमारतकामासाठी खर्चाचा एक जाबता ठरवून दिला. कुठल्या गडावर किती होन खर्च करायचे, याची ती सरळ यादी आहे. रायगडाला ५० हजार. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर आणि राजगड या सातांना प्रत्येकी १० हजार. मग पाच हजारांची रांग लागते आणि त्या रांगेत लोहगड आहे. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले मिळून पाच हजार, कोरीगडाला तीन हजार. सगळ्या यादीची बेरीज १ लाख ७५ हजार होन. म्हणजे लोहगडाच्या वाट्याला आला पस्तिसावा हिस्सा.

होन म्हणजे सोन्याचं नाणं. त्याचं वजन सरासरी तीन ग्रॅम धरलं, तर सगळा जाबता सव्वापाचशे किलो सोन्याचा होतो आणि लोहगडाचा हिस्सा १५ किलोंचा. दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरले, तर १५ किलोंचे होतात १५ कोटी. त्या काळी एवढ्या सोन्यात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं राबत, हे खरं. गड त्याआधी कित्येक शतकं उभा होता आणि हा खर्च त्या वेळच्या कामापुरताच, हेही खरं. तरी पिंपरीत, संत तुकाराम नगरात राहणाऱ्याला १५ कोटी हा आकडा अंगावर येत नाही. मध्यम आकाराची एक निवासी इमारत उभी करायला आज एवढे पैसे सहज लागतात.

गडांबद्दल बोलताना आपण नेहमी प्रचंड, अजस्र, अवाढव्य असे शब्द वापरतो. लोहगडाच्या बाबतीत मला थक्क करतो तो त्याचा स्वस्तपणा. इतक्या थोड्या दगडात, इतक्या थोड्या माणसांत एवढी मोठी जागा कशी राखली, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

संत तुकाराम नगरचं मेट्रो स्थानक ६ मार्च २०२२ला सुरू झालं. तिथून लोकलच्या पिंपरी स्टेशनवर यायचं आणि लोणावळ्याची गाडी धरायची. चाळीसेक किलोमीटरवर मळवली लागतं. मळवलीहून भाजे गाव, भाज्याच्या २२ लेण्यांचा समूह, मग गायमुख खिंड आणि लोहगडवाडी. खिंडीच्या एका अंगाला विसापूर, दुसऱ्या अंगाला लोहगड. लोहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १,०३३ मीटर उंच आहे. पिंपरीची जमीनच ५६० मीटरच्या आसपास असल्याने गड आपल्या घरापेक्षा पावणेपाचशे मीटरच वर भरतो. जगातल्या मोठ्या पर्वतांपुढे हे काहीच नाही. पण ही उंची चढते कशी, हे महत्त्वाचं.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत गेला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. आज हा खडक सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. पाऊस भुसभुशीत थर धुऊन नेतो आणि घट्ट थर उभा कडा होऊन राहतो. म्हणून सह्याद्रीचा डोंगर एकसारखा चढत नाही: उतार, मग कडा, मग पुन्हा उतार, पुन्हा कडा. गड बांधणाऱ्याला हवा असतो तो शेवटचा, माथ्याला घट्ट कवटाळून बसलेला कडा. तो असला की तटाचं बहुतेक काम झालेलंच असतं.

किती काम झालेलं असतं, ते लोहगडाच्या विंचूकाट्यावर मोजून पाहू. विंचूकाटा म्हणजे गडाच्या वायव्येला लांबवर गेलेली सोंड. ती सुमारे १,५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, तिच्या दोन्ही अंगांना कडे. समजा हीच जागा सपाट रानात असती आणि तिच्याभोवती तट बांधायचा असता. घेरा होतो ३,०६० मीटर. तट दहा मीटर उंच आणि तीन मीटर जाड धरला, तर ९१,८०० घनमीटर दगडकाम लागेल. घनमीटराला अडीच टन म्हटलं, तर ते २ लाख ३० हजार टनांच्या आसपास जातं. एका माणसाने एका खेपेला २५ किलो उचलले, तर ९२ लाख खेपा. हजार माणसं रोज वीस खेपा टाकत राहिली, तरी नुसती वाहतूक ४६० दिवस चालेल. दगड फोडणं, घडवणं, चुना मळणं आणि रचणं यात धरलेलंच नाही. आणि एवढं करूनही तो तट दहाच मीटरचा. विंचूकाट्याचा कडा त्याहून कितीतरी खोल उतरतो, त्याला सुरुंग लावायला जागा नाही आणि खाली खंदक खणावा लागत नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं हातांनी उभारावं लागलं, असा किल्ला आपल्याच पट्ट्यात आहे: चाकणचा संग्रामदुर्ग. तो भुईकोट. मोगल सरदार शाहिस्तेखान २१ जून १६६० रोजी त्याच्यासमोर येऊन बसला. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. ऐन पावसात वेढा चालला, खंदकापलीकडून मोर्चे सरकत आले आणि १४ ऑगस्टला मोगलांनी भुयारातून सुरुंग लावून कोपऱ्याचा बुरूज उडवला. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. फिरंगोजीने सपाट जमिनीवरचा किल्ला ५४ दिवस झुंजवला आणि मोगलांची २६८ माणसं ठार, ६०० जखमी झाली. हा पराक्रम मोठाच आहे. पण चाकणने एक गोष्ट उघड केली. भुईकोटाच्या भिंतीखाली माती असते आणि माती खणता येते. लोहगडाच्या पायाखाली काळा कातळ आहे. १६६० सालच्या कुठल्याही फौजेला तो पावसाळाभर खणूनही उडवता आला नसता.

मग गड जिंकायचा कसा? बहुतेक वेळा तह करून, फितुरीने, अचानक चढून किंवा तहानेने. पहिल्या तीन गोष्टी माणसांवर अवलंबून असतात. चौथीचा बंदोबस्त मात्र बांधणाऱ्याच्या हातात असतो आणि गडाच्या स्थापत्यातलं सगळ्यात मोठं डोकं इथेच लागलेलं आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधताना आधी पाणी पाहावं, पाणी नसेल आणि जागा बांधणं भागच असेल, तर कातळ फोडून टाकी करावीत, एका झऱ्यावर भरवसा न ठेवता राखीव साठा करावा, असं बजावलेलं आहे. लोहगड पाहिल्यावर त्या सूचनेचं वजन कळतं.

लोणावळ्याला वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोहगड थोडा पूर्वेला आहे, म्हणून हात राखून तीन मीटर धरू. एकट्या विंचूकाट्याचं क्षेत्रफळ ४५ हजार चौरस मीटर, म्हणजे ११ एकर. त्यावर पडणारं पाणी झालं १ लाख ३५ हजार घनमीटर, म्हणजे साडेतेरा कोटी लिटर. आणि हा गडाचा एक अवयव झाला, माथा अजून बाकी आहे.

आता गरज किती? गडावर पाचशे माणसांची शिबंदी धरू. माणशी रोज दहा लिटर पाणी, त्यात पिणं आणि रांधणं. पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर उरले आठ, म्हणजे २४० दिवस. एकूण १२ लाख लिटर. हाऊसिंग सोसायटीच्या भाषेत, दहा हजार लिटरचे १२० टँकर. विंचूकाट्यावर वर्षभरात जेवढं पडतं, त्याचा ११२वा भाग अडवला की झालं. बाकीचे १११ भाग कड्यावरून खुशाल खाली जाऊ द्यावेत. १२ लाख लिटर साठवायला २० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असं एक टाकं पुरतं. आठ महिन्यांचं स्वातंत्र्य एवढ्याशा खड्ड्यात मावतं.

या खड्ड्याचा आणखी एक हिशेब आहे आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो. १,२०० घनमीटर कातळ फोडला, की साडेतीन हजार टन दगड हाताशी येतो, तोही माथ्यावरच. दीड मीटर जाड आणि चार मीटर उंच तट बांधला, तर त्यातून २०० मीटर लांबीचं काम होतं. हाच दगड खालून आणायचा झाला असता, तर २५ किलोंच्या १ लाख ४० हजार खेपा कड्याच्या वाटेने कराव्या लागल्या असत्या. म्हणून आपल्या गडांवर टाकं आणि खाण या वेगळ्या गोष्टी नसतात. पाण्यासाठी खोदलं, त्याचा तट झाला. तटासाठी खोदलं, त्यात पाणी राहिलं. पाच हजार होन पुरण्याचं गुपित बरंचसं इथे आहे.

लोहगडावर साध्या चौकोनी टाक्यांबरोबर एक सोळा कोनी तळंही आहे. पेशवाईत नाना फडणीसांनी ते बांधून घेतलं. सोळा बाजूंचं तळं बांधायला चार बाजूंच्या तळ्यापेक्षा जास्त घडीव दगड आणि जास्त मेहनत लागते. एवढ्या उंचीवर, लढाऊ गडावर हा देखणेपणा करणाऱ्या माणसाला गड टिकणार याची खात्री होती, असं मी समजते.

याच पाण्याने लोहगड आणि आपलं शहर एकमेकांना बांधलेले आहेत. लोहगड-विसापूरची रांग म्हणजे दोन खोऱ्यांमधली धार. उत्तरेला पडलेला पाऊस इंद्रायणीत जातो आणि तुकोबांच्या देहूवरून आळंदीकडे वाहतो. दक्षिणेला पडलेला पाऊस पवनेत जातो. पवना धरणाचं पाणी नदीतून रावेत बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीला शुद्ध होतं आणि संत तुकाराम नगरच्या नळांना पोचतं. ज्या संताचं नाव आपल्या वसाहतीला आहे त्याची नदी गडाच्या एका अंगाने आणि आपल्या नळाची नदी दुसऱ्या अंगाने वाहते.

पवना धरणाची क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे २४ हजार कोटी लिटर. पाचशे माणसांच्या आठ महिन्यांचे आपण १२ लाख लिटर धरले होते. त्या मापाने एकट्या पवनेत दोन लाख गडांचं पाणी आहे. आणि शहर पवनेतून रोज किती उचलतं? ५० कोटी लिटरच्या घरात. विंचूकाट्यावरचा अख्ख्या वर्षाचा पाऊस पिंपरी-चिंचवड साडेसहा तासांत संपवतं. सकाळी सहाला नळ उघडले, तर दुपारी साडेबाराला टाकी कोरडी.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी देशात माणशी रोजचे १३५ लिटर हे माप धरतात. पाचशे माणसांची एखादी सोसायटी त्या मापाने वागली, तर गडाचं आठ महिन्यांचं टाकं १८ दिवसांत रिकामं होईल. पाण्यावाचून हाल सोसावेत, असं मला म्हणायचं नाही. आंघोळ, कपडे, संडास यांचं पाणी ही चैन नव्हे. पण ज्या डोंगराच्या कुशीतलं पाणी आपण पितो, त्याच डोंगरावर दर लिटर मोजून राहणारी माणसं शतकानुशतकं नांदली, हे शहराला ठाऊक असायला हवं. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की आपल्याकडे धरणात टक्के किती उरले याचीच चर्चा होते, दर माणशी लिटर किती लागतात याची होत नाही.

पाण्यानंतर दाणा. माणशी रोज सहाशे ग्रॅम धरला, तर पाचशे माणसांना २४० दिवसांत ७२ टन धान्य लागतं. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो लादले, तर सातशे वीस बैलांचा तांडा. नारायण दरवाज्याजवळ एक भुयार आहे, तिथे भात आणि नाचणी साठवत. वर लक्ष्मी कोठी नावाची लेण्यासारखी ऐसपैस खोदीव जागा आहे. सुरतेहून आणलेली संपत्ती काही काळ तिथे होती, असं सांगतात.

कड्याने सगळीकडून वेढलेल्या या डोंगराला चढायला सोपी अशी एकच बाजू आहे आणि सारं बांधकाम तिथे एकवटलेलं आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकापाठोपाठ एक येतात. हनुमान दरवाजा सगळ्यात जुना, नारायण दरवाजा नाना फडणीसांच्या काळचा. वाट सरळ नाही, ती नागमोडी वळत जाते. एका दरवाज्यातून आत शिरलेला शत्रू पुढच्या दरवाज्यापर्यंत वरच्या तटाच्या टप्प्यातच चालत राहतो. त्याला धावायला जागा नाही, हत्तीला धडक द्यायला अंतर नाही. महादरवाज्याजवळ उभं राहून खाली पाहिलं, की तटांची ही वळणं एका नजरेत येतात. तीन किलोमीटरचा कडा राखायला पहारेकरी पुरतात, पण या काही मीटरच्या वाटेवर कारागिरांनी जीव ओतला. गणेश दरवाज्याच्या बुरुजाखाली नरबळी दिला आणि त्या घराण्याला बदल्यात पाटीलकी मिळाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर तो खर्च कुठल्याही जाबत्यात आलेला नाही.

आकड्यांनी तोललेला हा गड शेवटी एका आकड्यानेच हरला. तो आकडा ५१.

शेजारचा विसापूर १,०८४ मीटर उंच आहे, लोहगडापेक्षा ५१ मीटर जास्त. गडाजवळ दुसरी उंच जागा असू नये, असली तर सुरुंग लावून ती कमी करावी, ते शक्य नसेल तर तीही बांधून ताब्यात ठेवावी, असं आज्ञापत्र सांगतं. विसापूरसारखा पसरट डोंगर सुरुंगाने कमी होणार नव्हता, म्हणून तो बांधून काढला. दोन्ही गड एकाच सत्तेकडे असायला हवेत, ही अटच होती. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना २३ गड दिले, त्यांत लोहगड आणि विसापूर जोडीनेच गेले, तुंग आणि तिकोनाही गेले. १६७०मध्ये लोहगड परत आला आणि पुढच्याच वर्ष-दीड वर्षात जाबत्यात त्याला पाच हजार होन मिळाले. हातातून गेलेला गड पुन्हा मिळाल्यावर सोनं कुठे घालायचं, हे महाराजांना चांगलं ठाऊक होतं.

१८१८ साली मात्र हिशेब उलटला. ४ मार्चला कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला. डोक्यावर ५१ मीटर उंच जागेत इंग्रजांच्या तोफा आल्यावर लोहगडाचे चार दरवाजे, नागमोडी वाट आणि भरलेली टाकी यांपैकी काहीच कामाचं उरलं नाही. दुसऱ्याच दिवशी लोहगड लढाईवाचून पडला. चाकणचा भुईकोट ५४ दिवस लढला होता. इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे सुरुंगाने उडवले, लोहगडाचे ठेवले. म्हणून आज विसापूरवर पडक्या वाटेने चढावं लागतं आणि लोहगडावर जवळजवळ सलग पायऱ्यांनी.

महाराष्ट्रात ३९०हून अधिक गडकोट आहेत. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने भारतातल्या मराठा लष्करी भूदृश्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात बारा किल्ले आहेत, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्या बारांत आहे. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला लोकलने अर्ध्या दिवसात जाऊन यावं, इतक्या अंतरावर जागतिक वारसा आहे. याचा मला अभिमान वाटतो आणि तितकीच काळजीही.

काळजीचाही हिशेब मांडता येतो. समजा, पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी दहा हजार माणसं आठ तासांत गडावर आली. तासाला १,२५० चढणार आणि तेवढीच उतरणार. दोन्ही मिळून मिनिटाला चाळीसहून जास्त, म्हणजे दर दीड सेकंदाला एक माणूस त्याच अरुंद, वळणाच्या दरवाज्यातून. माणसांचा लोंढा अडावा, एकदम आत येऊ नये, एवढ्याचसाठी जी वाट घडवली होती, त्याच वाटेवर आपण लोंढा सोडतो. ओल्या पायऱ्या, धुकं, मधेच थांबून फोटो काढणारे, खांद्यावर पोरं घेतलेले आईबाप. शत्रूची कोंडी करणारं स्थापत्य पाहुण्यांचीही कोंडी करणारच. पाचशेंच्या मापाने विचार करून बांधलेल्या डोंगरावर एका दिवसात वीसपट माणसं चढवली, तर दगड झिजतील आणि एखाद्या दिवशी माणसंही दगावतील.

पुरातत्त्व खात्याने एका वेळी गडावर जास्तीत जास्त किती माणसं असावीत, हा आकडा ठरवून जाहीर करावा. मोजणी गणेश दरवाज्यात नको, तिथे गर्दी आधीच अडकलेली असते. ती खाली लोहगडवाडीत, चढ सुरू होण्याआधी व्हावी. सुटीच्या दिवशी वेळा वाटून द्याव्यात आणि आकडा भरला की मळवली स्टेशनवरच फलक लागावा, म्हणजे पिंपरीहून आलेली मंडळी भाज्याची लेणी पाहून पुढच्या गाडीने परततील.